ऑक्सफर्डच्या दोन भिंती

रस्ता हा सर्वांचा, असें लोक सहज म्हणतात. परंतु सार्वजनिक रस्ता कोठें संपतो आणि खासगी जमीन कोठें लागते, हा प्रश्न एकदां निघाला म्हणजे शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड शहराच्या उत्तर भागांत कटस्लो नांवाची वस्ती आहे. तेथील हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे.

सन १९३० नंतर थोड्याच वर्षांत नगरपालिकेनें तेथें भाडेकरूंसाठीं घरें बांधलीं. लगतच एका कंपनीनें विकण्यासाठीं घरें उठविलीं. दोहों वस्त्यांचे रस्ते एकमेकांस मिळत होते. जुन्या गलिच्छ वस्त्यांतून उठविलेलीं कांहीं कुटुंबें पालिकेच्या घरांत राहावयास आलीं, तेव्हां आपल्या घरांस गिऱ्हाईक मिळणार नाहीं अशी भीति कंपनीस वाटली. डिसेंबर १९३४ मध्यें तिनें दोन रस्त्यांवर आडव्या भिंती घातल्या. त्या दोन मीटरांहून उंच असून माथ्यावर लोखंडी सुळे होते. बँबरी रस्ता हा तेथील हमरस्ता भिंतींच्या पलीकडे होता. त्यामुळें बाबागाडी ढकलीत निघालेल्या आईस समोर दिसणारी वाट सोडून मोठा वळसा घ्यावा लागे.

अशा तंट्यांत दोन्ही पक्षांस आपली बाजू न्यायाची वाटते. घर विकत घेणारा म्हणतो, ‘दारावरून रहदारी नको, शांततेसाठींच पैसा मोजला.’ पलीकडचा म्हणतो, ‘समोरच्या वाटेनें जाण्यास मज्जाव कां?’

मे १९३५ मध्यें कम्युनिस्ट पुढारी एब लाझारस यांच्या नेतृत्वाखालीं मोठा जमाव भिंती पाडावयास निघाला. पोलिसांनीं त्यास अडविलें. सन १९३८ मध्यें खुद्द नगरपालिकेनेंच भिंती पाडल्या. कंपनीनें त्या पुन्हां बांधल्या, आणि न्यायालयानेंही तिच्याच बाजूनें कौल दिला. कारण उघड होतें. रस्ता दोहों अंगांनीं येऊन भिडला असला, तरी भिंतीखालची चिंचोळी पट्टी कंपनीच्या मालकीची होती. मालकी न मिळवितां पालिकेस तेथें हात घालण्याचा अधिकार नव्हता. पुढें महायुद्धांत एक रणगाडा चुकून भिंतीवर आदळला व ती कोसळली. तीही पुन्हां उभी राहिली.

अखेरीस नगरपालिकेनें त्या दोन पट्ट्या १००० पौंडांस विकत घेतल्या, आणि ९ मार्च १९५९ रोजीं भिंती पाडण्यास आरंभ झाला. भिंत उभी राहिली त्या वर्षीं जन्मलेलें मूल तोंवर चोवीस वर्षांचें झालें होतें. जमाव, पालिकेचा हुकूम व रणगाडा यांस जें साधलें नाहीं, तें खरेदीखतानें साधलें.

आज तेथें वाहनें व माणसें बिनदिक्कत जातात. मात्र भिंतीच्या जागेपाशीं रस्त्याचें नांव अजूनही बदलतें: अलीकडे वुल्झी, पलीकडे कार्लटन; अलीकडे ऑल्ड्रिच, पलीकडे वेंटवर्थ. बंद रस्त्याचा वाद ज्या गांवीं असेल, तेथील पंचांनीं प्रथम जमिनीचे कागद पाहावे, आणि त्याच बैठकींत वळसा घालणाराचेंही म्हणणें ऐकून घ्यावें. यांपैकीं एक गोष्ट जरी राहिली, तरी तंटा एका पिढीवरून दुसरीवर जातो.