हायडनचा रजेचा अर्ज

मंडळी, पाश्चात्य सिम्फनी ऐकायला आपल्यापैकी बरेच जण हौसेने जातात आणि टाळ्या नक्की कधी वाजवायच्या या काळजीतच अर्धा कार्यक्रम संपतो. आमचा सल्ला असा, की सुरुवात बेथोव्हनपासून करूच नका. हायडनची ४५ वी सिम्फनी घ्या. टोपणनाव 'फेअरवेल', साल १७७२.

तेव्हाचा ऑर्केस्ट्रा आटोपशीर असे. मुख्य भार व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास या तारवाद्यांवर. सोबत दोन ओबो (सनईसारखेच दुहेरी पत्तीचे वाद्य), दोन हॉर्न आणि खालच्या स्वरांना एक बासून. सिम्फनीचे साधारण चार भाग ठरून गेले होते: जलद, संथ, मग मिन्युएट हा तीन मात्रांचा नाच आणि शेवट पुन्हा जलद. मूळ इटालियन ऑपेराच्या प्रारंभिकेत तीनच भाग असत. मिन्युएट नंतर आला.

हॉर्नची गोष्ट आम्हा इंजिनीअर लोकांना विशेष आवडली. त्या हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते. नळीच्या लांबीवर जे ठराविक स्वर निघतील तेवढेच हाताशी. पट्टी बदलायची तर नळीचा वेगळा तुकडा जोडायचा. आणि हायडनने निवडली एफ शार्प मायनर, सिम्फनीत जवळजवळ कोणी न वापरलेली पट्टी! त्यासाठी हॉर्न अर्धा स्वर उतरवणारे खास तुकडे बनवून घ्यावे लागले.

एवढा खटाटोप कशासाठी? हायडन प्रिन्स निकोलस एस्टरहाझीच्या पदरी होता. हंगेरीतल्या एस्टरहाझा महालात प्रिन्सचा मुक्काम त्या वर्षी लांबतच गेला. वादकांची बायकामुले मात्र तिकडे आयझेनश्टाटला. रजा मागणार कोण? (हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही!)

हायडनने तो अर्ज सिम्फनीच्या रचनेतच घातला. चौथा भाग रिवाजाप्रमाणे जोरात धावतो आणि संपण्याऐवजी मध्येच थांबतो. पुढे येतो एक संथ भाग, जो तिथे असायलाच नको. त्यात पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न आपापले वाजवून उठतात. मग बासून जातो, पाठोपाठ उरलेला ओबो आणि हॉर्न. डबल बासला निघण्यापूर्वी चक्क स्वतःचा लांब तुकडा मिळतो, एरवी त्या बिचाऱ्याकडे कोण बघतो! मग चेलो, बाकीची व्हायोलिने, व्हायोला. शेवटी आवाज दबलेली दोनच व्हायोलिने उरतात.

प्रत्येक वादक मेणबत्ती विझवून निघून गेला आणि प्रिन्स काय ते समजला, अशी हकीकत हायडनने म्हातारपणी आपल्या चरित्रकारांना सांगितली. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना घरी जायची परवानगी मिळाली म्हणतात.

सीडीवर ऐकताना उठून जाणारे दिसत नाहीत. म्हणून शेवटची सात-आठ मिनिटे हेडफोन लावा आणि कोणते वाद्य कधी गप्प झाले ते मोजत बसा. मुलांना हा खेळ फार आवडतो.