तप्त पाते आणि रक्तस्तंभन

शस्त्रक्रियेत मोठी रोहिणी छेदली गेली तर ती दिसते, चिमट्यात धरता येते आणि दोऱ्याने बांधता येते. शल्यवैद्याची खरी अडचण होते ती असंख्य सूक्ष्म वाहिन्यांतून पाझरणाऱ्या रक्तामुळे. त्याने क्षेत्र झाकले जाते. आणि प्रत्येक वाहिनी बांधीत बसावे, तर रोगी अधिक काळ भुलेखाली राहतो.

दाहाने रक्त थांबविण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले असून पहिले तीन निष्फळ ठरल्यावरच दहन योजावे, असा क्रम दिला आहे. या क्रमातील सावधपणा आजही मननीय आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आँब्रवाझ पारे याने अवयवच्छेदनानंतर डागण्याऐवजी वाहिन्या बांधण्याचा पुरस्कार केला, तोही दाहाचे दुष्परिणाम पाहूनच.

१ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टन येथे हार्वी कुशिंग यांनी बोव्ही यांचे विद्युत्‌यंत्र वापरून शस्त्रक्रिया केली. पुष्कळदा या यंत्राची व तप्त पात्याची गल्लत होते. बोव्ही यांच्या पद्धतीत उच्च कंप्रतेचा प्रवाह रोग्याच्या शरीरातून जातो आणि ऊतक स्वतःच तापते. तप्त पात्यात तापते ते पाते. शरीरातून प्रवाह मुळीच जात नाही, त्यामुळे स्नायू आकुंचन पावत नाहीत.

असे पाते अमेरिकेत रॉबर्ट शॉ यांनी विकसित केले. त्याची धार नेहमीसारखीच तीक्ष्ण असते. छेद धारेने होतो आणि उष्णता केवळ रक्त थांबविते. पाते सुमारे ११० ते २७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविता येते. उष्णतेने प्रथिने साकळतात, वाहिनीची भित्ती आक्रसते व मुख मिटते. पण साकळलेला थर पात्यास चिकटला, तर पाते उचलताच तो निघून येतो आणि रक्त पुन्हा वाहू लागते. म्हणून पात्यावर न चिकटणारा लेप देतात.

यातील भौतिकीचा प्रश्न विशेष मनोरंजक आहे. धारेचा जो भाग ओल्या ऊतकात असतो त्याची उष्णता झपाट्याने शोषली जाते. हवेतील भागाची तशी जात नाही. पाते एकाच लांब तारेने तापविले, तर थंड झालेल्या भागाचा रोध घटतो. प्रवाह सर्वत्र सारखाच असल्याने तेथे निर्माण होणारी उष्णताही घटते, म्हणजे जेथे गरज अधिक तेथेच पुरवठा कमी! तेच तापक लहान खंडांत विभागून स्थिर विद्युद्दाबावर समांतर जोडले, की स्थिती उलटते. थंड खंड रोध घटल्यामुळे अधिक प्रवाह ओढतो आणि स्वतःस पुन्हा तापवितो. मात्र त्यासाठी रोध उष्णतेबरोबर पुरेसा वाढणारा पदार्थ निवडावा लागतो.

उष्णतामान किती ठेवावे, हा निर्णय शल्यवैद्याचा. ते कमी पडले तर रक्त थांबत नाही. फाजील झाले तर जखमेच्या कडा करपतात. थंड सुरीने केलेल्या छेदापेक्षा अशी जखम आरंभीच्या काळात सावकाश भरते. याच कारणास्तव अनेक शल्यवैद्य त्वचेचा छेद साध्या सुरीने घेऊन तप्त पाते आतील थरांसाठी राखून ठेवतात. मोठ्या रोहिणी मात्र पूर्वीप्रमाणे बांधाव्याच लागतात.