अडलंय कुठे, ते आधी बघू

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून पाचेक मिनिटं चाललं, की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण कॉम्प्युटरचा सुटा माल घ्यायला येणारे लोक आजही जुनंच नाव घेतात. तिथल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास तिथे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट त्याने डोंबिवलीहून लगेजच्या डब्यातून, दादरला गाडी बदलून आणलं होतं. शिकवण्या घेऊन साठवलेले पस्तीस हजार रुपये खिशात होते आणि ‘नवे गेम चालत नाहीत, सगळंच बदलायचं’ हे घरूनच ठरलेलं होतं.

काउंटरमागच्या काकांनी दरपत्रक काढलं नाही. ‘नवीन घेणारच आहेस तर घेशील. पण आधी चालू करू दे. अडलंय कुठे, ते बघू.’

पुढचे दोन तास त्या एका वाक्यावर गेले.

मशीन साधंच होतं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १०६० हे सहा जीबीचं कार्ड, विंडोजपुरती २४० जीबीची एसएसडी आणि एक टीबीची हार्ड डिस्क. २०१८-१९ मध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दहावी-बारावीच्या निकालानंतर असंच मशीन आलं. जीटीएक्स १०६० हे कार्ड तर जुलै २०१६चं. पुढची कित्येक वर्षं स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या मासिक पाहणीत जगभरातल्या खेळाडूंचं सर्वाधिक वापरलं जाणारं कार्ड तेच होतं. २०२२च्या अखेरीस त्याचा पहिला क्रमांक गेला.

काकांनी त्यात आफ्टरबर्नर टाकलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. गेम सुरू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसत राहतात: सेकंदाला किती फ्रेम, कार्ड किती टक्के कामात, प्रोसेसरचा प्रत्येक कोअर किती, तापमान किती, मेमरी किती भरली. मग मुलाला त्याचाच ‘सायबरपंक २०७७’ उघडायला लावला आणि म्हणाले, ‘तुझ्या सेव्हमध्ये जिथे अडकतं, तिथेच जा.’ गेमच्या आत तयार चाचणी असते, पण ती नेहमी त्याच ठरलेल्या वाटेने जाते. मुलाचा त्रास गाडी वेगाने शहरातून नेताना होता.

गाडी निघाली. सरासरी ३८ फ्रेमच्या आसपास होती. खेळायला पुरे. पण दर चौकाला चित्र क्षणभर गोठायचं आणि मग उडी मारून पुढे जायचं. काकांनी फ्रेमटाइमचा आलेख लावला. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. ३० चालणार असतील, तर ३३.३ मध्ये. इथे रेघ पंचवीस-तीसच्या जवळ सरळ चालत होती आणि मध्येच दोनशे-तीनशेपर्यंत सुळका मारत होती. सरासरीच्या आकड्यात हे सुळके बुडून जातात. डोळ्याला मात्र तेच टोचतात. कार्ड बदलण्याचा निर्णय सरासरी बघून घेणाऱ्या माणसाची फसगत होते ती इथेच.

‘गेम कुठे टाकलायस?’

हार्ड डिस्कवर. सायबरपंकने २०२३मध्ये आपल्या किमान गरजा नव्याने जाहीर केल्या, तेव्हा हार्ड डिस्क यादीतून गेली आणि ७० जीबीची एसएसडी आवश्यक झाली. त्याच वर्षीच्या ‘स्टारफील्ड’नेही एसएसडी मागितली. कारण सरळ आहे. गाडी पळते तशी पुढची गल्ली, भिंती, माणसं डिस्कवरून सतत उचलावी लागतात. फिरत्या तबकडीवरून माहिती वेळेवर आली नाही, की गेम थांबून वाट बघतो. या दोषावर कितीही महागडं कार्ड लावलं तरी सुळके तसेच राहिले असते. आणि मजेची गोष्ट अशी, की त्याच नव्या यादीत किमान कार्ड म्हणून नाव होतं ते जीटीएक्स १०६०चंच.

मग कॅबिनेट उघडलं. पुढच्या जाळीवर धुळीचा राखाडी नमदा बसला होता. कार्डाच्या पंख्यांत केस, धागे, अगरबत्तीची राख. पंखे बोटाने धरून काकांनी ब्लोअर मारला. पंखा तसाच मोकळा सोडून हवा मारली, तर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं, म्हणून आधी बोट. प्रोसेसरवरचा कूलर काढला, तर थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती पुसून नव्याने वाटाण्याएवढी लावली. पण खरी चूक रॅममध्ये निघाली. दोन्ही रॅम शेजारशेजारच्या खाचांत होत्या. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसल्या, की रॅमचे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले जातात. एकाच मार्गाच्या शेजारच्या खाचांत लावल्या, तर एकच मार्ग चालतो. शिवाय रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं एक्सएमपी बायोसमध्ये बंद होतं, म्हणजे ३००० वेगाची रॅम सात वर्षं २४००वर चालली होती. पैसे दिले होते ते वापरलेच गेले नव्हते. मुलगा गप्प झाला.

यानंतर काकांनी जी चाचणी केली, ती प्रत्येकाने घरी करावी इतकी सोपी आहे. गेमचं रिझोल्यूशन त्यांनी १०८०पीवरून ७२०पीवर आणलं. १०८०पीमध्ये साधारण २० लाख ७४ हजार ठिपके रंगवायचे असतात, ७२०पीमध्ये ९ लाख २२ हजार. कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी होतं, पण गर्दीतल्या माणसांच्या हालचाली, गाड्यांचे धक्के, वाटा शोधणं हे प्रोसेसरचं काम तेवढंच राहतं. फ्रेम वाढल्या तर अडथळा कार्डाचा. जिथल्या तिथे राहिल्या, तर तो प्रोसेसरचा.

इथे फ्रेम ३८वरून ६१वर गेल्या आणि तिथे थबकल्या. कार्ड ९८ टक्क्यांवरून ८०च्या खाली उतरलं. यातून दोन गोष्टी एकदम कळल्या. आज अडथळा कार्डाचा आहे. आणि उद्या कितीही दमदार कार्ड आणलं, तरी या गर्दीत हा प्रोसेसर साठीच्या पलीकडे फारसं जाऊ देणार नाही. मुलाचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा. म्हणजे साठ त्याला चालणार होते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असता, तर हिशेब वेगळा झाला असता.

तेवढ्यात नाशिकहून आलेले एक गृहस्थ मुलीच्या मशीनची तक्रार सांगू लागले. नवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही काहीच फरक नाही. काकांनी मोबाइलवर मुलीला विंडोजमधलं डिस्प्ले सेटिंग उघडायला लावलं. तिथे ६० हर्ट्झ निवडलेलं होतं. ते बदललं, काम झालं. वरच्या गल्लीतला एक ‘व्हॅलोरंट’वाला कार्ड विचारायला आला, त्याला परत पाठवलं. तो गेम मुख्यतः प्रोसेसरवर चालतो, आणि त्याचं कार्ड त्यात निम्मंही वापरलं जात नव्हतं.

डोंबिवलीच्या मुलाचा मूळ हट्ट मात्र अजून शिल्लक होता: ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल.’ इथे काकांचा सूर बदलला. जुन्या मशीनचे त्रास दोन जातींचे असतात. एकात जिना चढताना धाप लागते: सेटिंग उतरवा, एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) लावा, सायबरपंक चालेल. दुसऱ्यात दारच बंद असतं. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या या गेमला कार्डातच रे ट्रेसिंगची सोय लागते. किमान कार्ड आरटीएक्स २०६० सुपर. मे २०२५च्या ‘डूम: द डार्क एजेस’चंही तेच. प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे वेगळे भाग एनव्हिडियाने २०१८च्या आरटीएक्स मालिकेत पहिल्यांदा घातले. १०६०मध्ये ते नाहीतच. सेटिंग कितीही उतरवलं, तरी ते कुठून येणार?

‘ॲलन वेक २’ हा गेम या दोन जातींच्या मध्ये उभा आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये तो आला, तेव्हा त्याला कार्डातली मेश शेडर ही सोय हवी होती, जी १०६०च्या पिढीत नव्हती. जुन्या कार्डांवर तो रखडत चालायचा. मार्च २०२४च्या अपडेटने त्या कार्डांना बराच दिलासा दिला. म्हणून गेम आला त्याच आठवड्यात कार्ड घ्यायला धावू नये, हे काका प्रत्येकाला सांगतात. मार्च २०२३मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला, तेव्हा आठ जीबीच्या चांगल्या कार्डांवरही भिंतींचे पोत चिखलासारखे दिसत होते. पुढच्या दुरुस्त्यांनी ते सुधारलं. सायबरपंक तर डिसेंबर २०२०मध्ये इतक्या कच्च्या अवस्थेत आला, की सोनीने तो सहा महिने आपल्या दुकानातून काढून ठेवला. दोन-तीन महिने थांबलं, की गेम पिकतो.

याच कारणाने ‘जीटीए ६’साठी आत्ता मशीन बांधून मागणाऱ्यांना ते थेट नाही म्हणतात. १९ नोव्हेंबर २०२६ ही जाहीर झालेली तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची आहे, पीसीची नाही. ‘जीटीए ५’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५मध्ये. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला वर्षाहून थोडा जास्त वेळ लागला. ज्या गेमची पीसीसाठीची गरज अजून कागदावर आलेली नाही, त्यासाठी आज घेतलेलं कार्ड दीड-दोन वर्षं नुसतं जुनं होत पडून राहणार.

मुलाच्या बाबतीत दार बंद होतं हे ठरलं. शिवाय १०६०च्या पिढीसाठी एनव्हिडियाने नव्या गेमांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले. आता ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. ऑक्टोबर २०२५मध्येच विंडोज १०चाही नियमित आधार संपला, पण मुलाचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसतो. म्हणजे कार्ड बदलायचं. बाकी?

‘बाकी सगळं ठेव,’ काका म्हणाले. ‘बोर्ड बदललास, की रॅम बदलावी लागते. आणि आत्ता रॅम घ्यायचे दिवस नाहीत.’

हे खरं होतं. एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डांना डीडीआर५ रॅम लागते, आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपचा माल ओढून घेतला. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीही महागल्या. अशा वेळी हातातली सोळा जीबी डीडीआर४ ही ठेव आहे. बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५०००चे प्रोसेसर बसतात. साठची मर्यादा पुढे जाचली, तर तेवढा एक सुटा प्रोसेसर आणून ती वाढवता येईल. एएमडीने प्रोसेसर बसवण्याचा हा एकच सॉकेट इतकी वर्षं चालवला, याचा मध्यमवर्गीय घरांना झालेला फायदा मोठा आहे.

कार्ड कुठलं, यावर मात्र घासाघीस झाली. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॉट घेतं, जुन्या १०६०च्या १२० वॉटपेक्षाही कमी. त्याला ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा) पुरेल, असा काकांचा अंदाज. पण त्याची मेमरी आठ जीबी, आणि ते बोर्डाशी माहितीच्या आठच लेननी बोलतं. बी४५०वर त्या लेन जुन्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे मेमरी भरली की धाप जास्त. आरटीएक्स ३०६०ला बारा जीबी आहे आणि लेन पूर्ण सोळा, पण ते १७० वॉट खातं. एवढ्या ओझ्याला सात वर्षं जुन्या एसएमपीएसवर काकांचा विश्वास नव्हता. सेकंडहँड ३०६० बाजारात पुष्कळ दिसतात. त्यातली बरीचशी क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली. बिलावर सीरियल नंबर नसेल, तर वॉरंटी कसली मागणार?

मुलाने तिथेच हिशेब मांडला. आज एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. ती त्याच्या बोर्डावरच्या रिकाम्या एम.२ खाचेत बसली. सायबरपंक तिच्यावर हलवला आणि तोच रस्ता पुन्हा धरला. आलेखातले सुळके गेले होते. एफएसआर लावल्यावर फ्रेम पन्नाशीच्या जवळ पोचल्या. मुलाने गाडी तीन चौक न थांबता नेली आणि पहिल्यांदाच हसला.

कार्ड मेमध्ये, परीक्षा संपल्यावर. नवं, पक्क्या बिलाचं ४०६० किंवा त्या वेळी त्याच किमतीत मिळेल ते. तोवर ‘इंडियाना जोन्स’ थांबेल.

असंच मशीन घरी असलेल्या वाचकांना एकच विनंती आहे. दुकानात जाण्याआधी आपला गेम आपल्याच सेव्हवर तासभर खेळा. कोपऱ्यातले आकडे लिहून घ्या, ७२०पीची चाचणी करा, रॅमच्या खाचा आणि मॉनिटरचे हर्ट्झ तपासा. तो कागद काउंटरवर ठेवा आणि मगच भाव विचारा. त्या शनिवारी कॅबिनेट पुन्हा चादरीत गुंडाळलं गेलं तेव्हा पस्तीस हजारांतली निम्म्याहून जास्त रक्कम मुलाच्या खिशात तशीच होती.