सलाइन : संजीवनी, पण मोजूनमापून

घरातले माणूस अत्यवस्थ झाले की नातेवाइकांचा पहिला आग्रह असतो, ‘डॉक्टर, आधी सलाइन लावा!’ बाटली टांगलेली दिसली की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु गंभीर रुग्णाच्या शरीरात गरजेपेक्षा जास्त सलाइन गेले, तर तेच जिवावर बेतू शकते.

सलाइनचे मोल कोलकात्याने फार पूर्वी जाणले. कॉलऱ्यात जुलाबावाटे शरीरातील पाणी वाहून जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर लिओनार्ड रॉजर्स यांनी येथे शिरेतून मिठाचे पाणी देऊन अनेक रुग्ण वाचवले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून असंख्य प्राण राखले.

त्याच कोलकात्यात पावसाळ्यात येणाऱ्या डेंग्यूची तऱ्हा मात्र निराळी. गंभीर डेंग्यूत सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी छातीत, पोटात साठते. तेव्हा सलाइन द्यावेच लागते. पण हा पाझर साधारण २४ ते ४८ तासांत थांबतो आणि बाहेर गेलेले पाणी पुन्हा रक्तात परतू लागते. त्यानंतरही बाटल्या चालूच राहिल्या, तर फुफ्फुसांत पाणी भरून रुग्णाला धाप लागते. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर धोका अधिकच.

२०११ साली युगांडा, केनिया व टांझानियातील तीन हजारांहून अधिक तापाने गंभीर आजारी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुलाबाचे रुग्ण त्यात नव्हते. सुरुवातीलाच भराभर द्रव दिलेल्या मुलांपैकी शेकडा दहाहून अधिक ४८ तासांत दगावली. तसा न दिलेल्यांत हे प्रमाण शेकडा सुमारे सात होते.

शिवाय नेहमीच्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. निरोगी माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते!

म्हणून सलाइनचा हट्ट धरू नका. तसेच ते परस्पर बंद करू नका आणि थेंबांचा वेगही स्वतः वाढवू नका. किती द्रव गेला, लघवी किती झाली, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, खोकला, आडवे होताच गुदमरणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब परिचारिकेला सांगा. उशाशी बसलेल्या माणसाची ही नजर रुग्णाच्या फार उपयोगी पडते.