कारभार नवीकडे, दप्तर जुनीकडे

घरचा संगणक सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेऊ लागला म्हणजे तो समूळ निकामी झाला असे मानून नवा घेण्याची घाई पुष्कळ जण करतात; वस्तुतः त्या विलंबाचे मूळ बहुधा, जिच्यावरून विंडोज वाचली जाते त्या हार्ड डिस्कच्या यांत्रिक घडणीत असते. १९५६ साली आयबीएमने पन्नास तबकड्यांचे जे अवाढव्य यंत्र आणले, त्यात आणि आजच्या तळहाताएवढ्या डिस्कमध्ये आकाराचे अंतर जमीन-अस्मानाचे असले, तरी तत्त्व तेच राहिले आहे: चुंबकीय लेपाची तबकडी फिरत राहते आणि भुजेच्या टोकावरील वाचनशीर्ष इष्ट वर्तुळापर्यंत सरकून, हवा तो मजकूर आपल्याखाली येण्याची वाट पाहते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सरासरीने चारेक मिलिसेकंद निव्वळ प्रतीक्षेतच जातात. त्यात भुजेच्या सरकण्याचा वेळ मिळवला की प्रत्येक शोधामागे दहा-बारा मिलिसेकंद खर्ची पडतात, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो शोध विखुरलेल्या जागी घ्यावे लागतात. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे, विद्युत्भार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म कोशिकांतून हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकते.

म्हणून विंडोज व रोजचे प्रोग्राम एसएसडीवर न्यावेत आणि छायाचित्रे, गाणी, चित्रपट जुन्या डिस्कवरच राहू द्यावेत. सलग वाचल्या जाणाऱ्या या मोठ्या फायलींना जुन्या तबकडीचा वेग आजही पुरतो.

या फेरफारात खरोखर जपण्याची जागा एकच आहे. जुनी डिस्क जोडलेली असताना नवीवर विंडोज बसवली, तर संगणक सुरू करणारी आरंभीची फाइल पुष्कळदा जुन्या डिस्कवरच लिहिली जाते. मग काही काळाने जुनी बंद पडली की नवी धडधाकट असूनही संगणक उठत नाही, आणि दोष कोठे आहे हे उमगत नाही. यास्तव वीज तोडून जुन्या डिस्कची चपटी साटा केबल आधी काढावी, नवीवर विंडोज बसवावी, ती एकटीच्या बळावर सुरू होते याची खातरजमा करावी, आणि मगच जुनी पुन्हा जोडून बायोसमध्ये अग्रक्रम नवीला द्यावा. जुन्या डिस्कवरील बहुतेक प्रोग्राम मात्र, फायली जागच्या जागी असूनही, चालत नाहीत, कारण त्यांच्या नोंदी जुन्या विंडोजच्या दप्तरी राहिलेल्या असतात. ते नव्याने बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

डिस्क दोन झाल्या म्हणजे प्रतीही दोन झाल्या, असा समज कोणी करून घेऊ नये. जी वस्तू केवळ जुन्या डिस्कवर आहे, ती एकाच आणि वय झालेल्या ठिकाणी आहे. लग्नामुंजींची छायाचित्रे तिच्यावर असतील, तर नवीला हात घालण्यापूर्वीच त्यांची एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावी.