चाकांवरचं घर: ऑस्ट्रेलियातला कॅरॅव्हॅन आणि जयपूरचा गाडिया लोहार

गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालणाऱ्या कुटुंबांचे व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. त्या देशाला वळसा घालणारा 'हायवे १' सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरचा आहे. आईवडील, मुलं, शेगडी, पाण्याची टाकी, अंथरूण-पांघरूण, सगळं चाकांवर. कुणी सहा महिने फिरतं, तर कुणी वर्षभर. हे बघून आपल्याला हेवा वाटतो.

मी जयपूरमध्ये राहतो. इथे असं चाकांवरचं घर पाहायला परदेशी जावं लागत नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेला लाकडी, नक्षीदार, पितळी खिळे ठोकलेली बैलगाडी उभी दिसते. शेजारी भाता, ऐरण आणि पेटलेली भट्टी. हे गाडिया लोहार. गाडी हेच घर, म्हणून हे नाव. तापलेलं लोखंड पुरुष सांडशीत धरतो आणि घण बाई घालते, हे दृश्य इथं नेहमीचं. महाराष्ट्रात हेच काम करणारे घिसाडी आपल्याला माहीत आहेतच.

हे लोक भटके का झाले? त्यांच्यात सांगितली जाणारी कथा अशी: त्यांचे पूर्वज मेवाडच्या सैन्यासाठी हत्यारं घडवत. १५६८ मध्ये अकबरानं चितोड घेतला तेव्हा त्यांनी शपथ घेतली, की गड परत मिळेपर्यंत पक्क्या घरात राहायचं नाही, दिवा लावायचा नाही, खाटेवर झोपायचं नाही. म्हणून गाडीत खाट उलटी ठेवायची रीत आली. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत गाडिया लोहार चितोडगडावर गेले आणि शपथ पुरी झाल्याचं जाहीर झालं.

कथा आपल्या जागी. पण पोटाचं गणितही समजून घ्या. एका गावातले विळे, खुरपी, कुदळी, चिमटे घडवून किती दिवस काम पुरणार? आठ-दहा दिवसांत गावाची गरज भागते, मग पुढचं गाव गाठावं लागतं. रब्बीच्या कापणीआधी विळ्याला मागणी, पावसाआधी नांगराच्या फाळाला. पावसाळ्यात कच्चे रस्ते चिखलात जायचे, म्हणून चार महिने एका जागी मुक्काम. म्हणजे ही भटकंती दिशाहीन नव्हती. ती ठरलेल्या गावांची, ठरलेल्या हंगामांची फेरी होती.

पुढे शेतात ट्रॅक्टर आला, बाजारात कारखान्यातली स्वस्त अवजारं आली. फेरीचा आधारच गेला. बैल विकले गेले आणि गाडी शहराच्या कडेला थांबली. आता हे कुटुंब फिरत नाही, पण त्याला पत्ताही नाही. १७२७ मध्ये आखून वसवलेल्या या शहरात कारागिरांच्या नावाचे रस्ते आहेत: ठठेऱ्यांचा रस्ता, मणिहारांचा रस्ता. गाडिया लोहाराच्या वाट्याला मात्र पदपथ आला आणि तिथूनही उठवलं जाण्याची भीती आली.

इथेच दोन चाकांवरच्या घरांमधला खरा फरक आहे. ऑस्ट्रेलियातलं कुटुंब मागे पत्ता ठेवून निघतं. बँक, दवाखाना, शाळा सगळं त्या पत्त्याला बांधलेलं असतं. शिवाय दूर राहणाऱ्या मुलांना शिकवायची त्या देशाला जुनी सवय आहे. १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला रेडिओवरून वर्ग घेणारी 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली. मूल शाळेपर्यंत पोहोचत नाही, तर शाळा मुलापर्यंत न्यायची, असा तो विचार.

आपल्याकडे हा विचार नाही असं नाही. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष महाराष्ट्रातले बाळकृष्ण रेणके होते. त्यांच्या आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला. आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा तर अगदी स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधी शाळेत गेलेलं नसलं तरी त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवणी द्यायची. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे.

अडचण अशी, की हा नियम गाडीत राहणाऱ्या आईला कुणी सांगितलेलाच नसतो. दाखला मागितला की ती परत फिरते. म्हणून तुम्ही नागपुरात असा, इंदूरला असा, बेळगावात असा किंवा इथे जयपूरला, तुमच्या रस्त्यावर असं कुटुंब उतरलं तर विळी, चिमटा जरूर घ्या. पण त्याबरोबर मुलांचं वय विचारा आणि जून-जुलैमध्ये एकदा त्यांच्याबरोबर जवळच्या सरकारी शाळेत जा. मुख्याध्यापकांना कायद्यातलं हे कलम दाखवा: चौदावं. ते मोबाइलवरही मिळतं.