पडद्यावर न दिसणारा भाग

मोखाडा आणि जव्हार या भागांत बोहाडा न पाहिलेला मुलगा विरळाच. रात्र चढत जाते, संबळ-सनईच्या तालावर एकामागून एक सोंगे येतात आणि टेंभ्यांच्या उजेडात ते रंगविलेले मुखवटे जिवंत भासू लागतात. देव आणि दैत्य यांचे युद्ध रंगात येते. अखेर दैत्य कोसळतो. तरीही कोणी घाबरून डॉक्टरांना बोलावणे धाडीत नाही. मुखवट्यामागे आपल्याच आळीतले कोणी काका आहेत, हे लहानथोर सर्वांना ठाऊक असते.

चित्रपटाचा मुखवटा इतका सहज ओळखू येत नाही. तेथे डोंगर खरा असतो, पाणी खरे असते आणि आगही पुष्कळदा खरीच असते. म्हणून नायक संकटातून सुटला म्हणजे आपल्यालाही वाटते, ‘असा प्रसंग आला तर आपणही असेच करू.’ चित्रपटांतून जीव वाचविण्याचे धडे मिळत नाहीत, असे मी म्हणणार नाही. काही फार मोलाचे धडे मिळतात. परंतु दोन-तीन तासांत गोष्ट संपवायची, तर काही भाग कापून टाकावाच लागतो; आणि मुलांनो, मौज अशी की, माणूस खरोखर ज्यामुळे वाचतो तो भाग बहुधा त्या कापलेल्या तुकड्यांतच असतो.

जव्हारजवळचा दाभोसा धबधबा तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. पडद्यावरचा नायक अशाच एखाद्या कड्यावरून उडी घेतो आणि क्षणभराने केस झटकीत पाण्याबाहेर येतो. ती उडी पुष्कळदा नायकाने मारलेलीच नसते. ती मारणारा कसलेला साहसपटू असतो. डोहाची खोली आधी मोजलेली असते आणि काठावर त्याला ओढून घेणारी माणसे उभी असतात. तीस मीटर उंचीवरून पडणारा माणूस पाण्याला टेकतो, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे 87 किलोमीटर असतो; एवढ्या वेगाने आदळणाऱ्याला पाणी मऊ लागत नाही. पाण्याखालचे खडक तर वरून दिसतच नाहीत. 2024 च्या उन्हाळ्यात याच दाभोशाच्या डोहात उंचावरून उडी घेतलेल्या एका तरुण पर्यटकाला प्राण गमवावे लागले.

आता आगीचे पाहू. 1957 साली ‘मदर इंडिया’ हा हिंदी चित्रपट प्रकाशित झाला. त्यात गवताच्या गंजी पेटल्याचा एक प्रसंग आहे. गुजरातेत उमरा येथे त्याचे चित्रण चालू असता वाऱ्याची दिशा फिरली आणि योजून लावलेली आग हाताबाहेर गेली. नर्गिस ज्वाळांत सापडल्या. तेव्हा त्यांच्या मुलाची भूमिका करणारे सुनील दत्त आगीत शिरले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. त्यात ते स्वतःही भाजले. म्हणजे ज्या आगीची पूर्ण तयारी झाली होती, जिच्याभोवती माणसे पहारा देत उभी होती, तीही वाऱ्यापुढे कोणाचे ऐकेना.

आपल्याकडे नागली, वरई आणि भात यांच्या रोपांसाठी उन्हाळ्यात राब भाजतात. ते पाहताना जाणत्या शेतकऱ्याकडे लक्ष द्या. तो कडेचे वाळलेले गवत आधी साफ करतो, वारा पडण्याची वाट पाहतो आणि राब विझेपर्यंत तेथून हलत नाही. चित्रपटात ही वाट पाहणे कोणी दाखवीत नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काही नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अंगावरचे कपडे पेटले तर पडद्यावरचा माणूस ओरडत सैरावैरा धावतो. धावल्याने ज्वाळेला वारा मिळतो आणि ती भडकते. अशा वेळी जमिनीवर आडवे व्हावे, तोंड हातांनी झाकावे आणि गडाबडा लोळावे. जवळच्याने जाड घोंगडी टाकून आग दाबावी व मग भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी बराच वेळ ओतावे.

परंतु चित्रपटांनी ज्या बाबतीत सर्वांत अधिक घोटाळा करून ठेवला आहे, ती बाब म्हणजे सर्पदंश. सन 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लक्ष माणसे मरण पावली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांत राहणारी होती. मोखाड्याच्या पाड्यांवरील लोकांना ही संख्या केवळ वाचण्यापुरती नाही.

पडद्यावर काय घडते ते तुम्ही पाहिलेच आहे. नायिकेच्या पायाला साप डसतो. नायक चाकूने जखमेवर चिरा देतो, विष शोषून थुंकतो आणि रुमाल करकचून आवळतो. पुढच्याच दृश्यात ती हसत उठून बसते! वास्तविक विष दातांवाटे मांसात खोल शिरलेले असते. तोंडाने शोषून ते परत येत नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची शक्तीच नाहीशी होते. तेथे चिरा देणे म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घेणे होय. घट्ट आवळलेल्या पट्टीमुळे पायाचा रक्तपुरवठा बंद पडून पाय गमवावा लागलेली माणसेही आहेत. मग या उपायांनी काही लोक बरे झालेले दिसतात, ते कसे? कारण सोपे आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. असा रोगी कोणत्याही उपायाने बरा होतो. श्रेय मात्र चाकूला किंवा मंत्राला मिळते. गावाने भगताचा मान अवश्य राखावा. परंतु सर्पदंशाच्या वेळी त्याच्या अंगणात घालविलेला एक तास पुन्हा मिळत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे आपल्या देशात सर्वाधिक मृत्यू होतात. या चारही विषांवर एकच लस चालते. घोड्याला विषाच्या अगदी अल्प मात्रा वाढवीत देतात. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात आणि त्यांपासून ही लस बनते. म्हणून साप ओळखण्यासाठी त्याचा पाठलाग करून त्याला मारण्याचे काहीच कारण नाही. 1976 च्या ‘नागिन’ चित्रपटात मारलेल्या नागाच्या डोळ्यांत मारणाऱ्यांची चित्रे उमटतात व त्यांवरून नागीण सूड घेते. ही केवळ कल्पना आहे; सापाला सूड ठाऊक नाही. आणि ज्यांना चित्रपट नेहमी पुंगी वाजविताना व मंत्र म्हणताना दाखवितात, त्या सर्प धरणाऱ्या लोकांचे खरे काम पाहावयाचे असेल तर तामिळनाडूकडे पाहावे. तेथील इरुळा आदिवासींनी 1978 साली सहकारी संस्था स्थापन केली. ते साप पकडतात, त्यांचे विष काढतात आणि त्यांना पुन्हा रानात सोडून देतात. देशातील लशीसाठी लागणारे पुष्कळसे विष त्यांच्याकडून येते. 2023 साली त्यांच्यातील दोघांना पद्मश्री मिळाली. आपल्या पाड्यावरच्या मुलांनी ही हकीकत मुद्दाम लक्षात ठेवावी, असे मला वाटते.

साप चावल्यावर करावयाचे ते थोडेच आहे. रोग्याला धीर देऊन निजवावे. चावलेला हात किंवा पाय मोडल्याप्रमाणे फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढून घ्यावेत, कारण सूज येते. त्याला चालू देऊ नये. डोलीतून किंवा दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. मण्यारीविषयी मात्र विशेष सावध असावे. ती बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात. बाज आणि तिच्याभोवती खोचलेली मच्छरदाणी हा तिच्यावरील सर्वांत सोपा उपाय होय.

चित्रपटाने दंशानंतर लगेच रुग्णालयाचा पलंग दाखविला. आपल्या बाबतीत या दोहोंच्या मध्ये पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची पायवाट असते, भरलेला ओढा असतो आणि रात्र असते. पाड्यावर कोणाकडे गाडी आहे, ओढ्याला पूर आल्यास दुसरी वाट कोणती, मोबाइलला कोणत्या टेकाडावर आवाज येतो, हे आधी माहीत असले तरच ती वाट लवकर सरते.

काही चित्रपट मात्र खऱ्या घटनांवर बेतलेले असतात व कापलेला भागही दाखवितात. 2024 चा ‘मंजुम्मल बॉइज’ हा मल्याळम चित्रपट असाच आहे. 2006 साली केरळातील काही मित्र कोडाईकनालच्या गुंफांकडे गेले. मनाई असलेल्या जागेत ते शिरले आणि एक जण खोल विवरात पडला. अखेर त्यांच्यातीलच एक जण दोराने खाली उतरला आणि त्याने मित्राला वर आणले. चित्रपटात हे सारे रस्सीखेचीचे गडी दाखविले आहेत आणि शेवटी दोर ओढताना तोच सराव कामी येतो. त्यांच्या मैत्रीचे कौतुक करावे तितके थोडे. परंतु कुंपण ओलांडले नसते तर त्या दोराची गरजच पडली नसती, हेही तितकेच खरे.

दुसरा चित्रपट इंग्रजी आहे, 2010 चा ‘127 अवर्स’. आरॉन राल्स्टन नावाचा अमेरिकन तरुण 2003 साली एकटाच एका अरुंद घळीत उतरला. एक मोठी शिळा घसरली आणि त्याचा हात तिच्याखाली अडकला. पाच दिवसांहून अधिक काळ तो तेथे होता; अखेर हात गमावून त्याने स्वतःची सुटका करून घेतली. त्याच्या धैर्याने पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. त्या पाच दिवसांत त्याला शोधायला कोणी घळीपर्यंत का आले नाही? कारण आपण कोठे जातो आहोत, हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. सूर्यमाळच्या बाजूला करवंदांसाठी किंवा फाट्यांसाठी रानात जाणाऱ्या मुलाला आई विचारते, ‘कोणत्या अंगाला चाललास? सोबत कोण? केव्हा येशील?’ मुलाला त्या प्रश्नांचा कंटाळा येतो. राल्स्टन पुढेही डोंगरांत व घळींत जात राहिला. परंतु चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर जी अक्षरे उमटतात, त्यांत एवढेच सांगितले आहे की, आता तो निघण्यापूर्वी आपण कोठे जात आहोत हे नेहमी चिठ्ठीत लिहून ठेवतो.